साधन, संचित आणि कृपा : संतकाव्यातील हिशेबाच्या भाषेचा विचार

वारकरी संतांनी कर्मकांड नाकारले व सर्वांना सुलभ असा नामभक्तीचा मार्ग दाखविला, हे विधान मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. विधान खोटे नाही. पण ते अर्धे आहे. यज्ञ, तप, तीर्थाटन, व्रते यांच्या जागी नाम आले, एवढे ते सांगते. जुन्या साधनांमागे जी वृत्ती होती, म्हणजे केलेल्या कर्माच्या मोबदल्यात मोक्ष पदरात पाडून घेण्याची वृत्ती, ती या स्थलांतरात मागे राहिली की नामाबरोबरच नव्या घरात राहावयास आली, हा प्रश्न ते विचारीत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न संतकाव्याच्या भाषेच्या आधारे तपासावयाचा आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून ज्ञान, कर्म आणि भक्ती यांचा समुच्चय वा विरोध यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो शब्दांचा : जोडी, ठेव, ऋण, मोल, फुकाचे, गणना, दान, पसाय.

प्रथम मराठी भाषेचा कल पाहावा. अनपेक्षितपणे काही भले घडले की मराठी माणूस सहज म्हणून जातो, 'कोणत्या जन्मीची पुण्याई फळाला आली कोण जाणे'. लाभामागचे कर्म डोळ्यांपुढे नाही, आठवणीतही नाही. तरीही ते कोठेतरी असलेच पाहिजे, असे हा वाक्प्रचार गृहीत धरतो. स्वतःचे सापडले नाही तर आईवडिलांची पुण्याई पुढे केली जाते, आणि तीही पुरेनाशी झाली तर पूर्वजन्म आहेच. म्हणजे जे निव्वळ मिळाले त्यालाही कमाईचा दाखला जोडल्यावाचून आपले समाधान होत नाही. उलट, काही न करता मिळण्याची अपेक्षा करणाऱ्याची संभावना 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' या म्हणीने केली जाते. 'फुकट' या शब्दाला चिकटलेला तुच्छतेचा वासही लक्षात घ्यावा. फुकटचे पचत नाही, असे आपण म्हणतो. ज्या भाषेत दैवी दानाची कल्पना इतक्या सहज उपहासाचा विषय होते, त्या भाषेत कृपेचे काव्य लिहावयाचे म्हणजे भाषेच्या प्रवाहाविरुद्ध पोहणे होय. संतांना हे पोहणे नेहमीच साधले असे नाही. जेथे साधले नाही, तेथला झगडाही वाचण्यासारखा आहे.

या झगड्याचा सर्वांत बोलका नमुना अभंगांत नसून व्रतकथांत सापडतो. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सर्वांच्या परिचयाची आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात येते. तो गावातील सारे दूध देवळात आणावयास फर्मावतो. मुलाबाळांच्या, वासरांच्या तोंडचे दूध गाभाऱ्यात ओतले जाते आणि गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने घरातल्यांना जेवू घातले आहे, लेकरावासरांना तृप्त केले आहे, आणि उरलेले खुलभर दूध ती देवाला वाहते. गाभारा भरून जातो. येथवर ही कथा साधनाच्या मोजमापाचा सरळ पराभव सांगते. घागरी हरतात आणि खुलभर जिंकते. म्हातारी गाभारा भरावयास आलेलीच नव्हती. तिचे दूध म्हणजे कशाची किंमत नव्हती.

परंतु कहाणी येथे थांबत नाही. राजा म्हातारीस शोधून काढतो, तिला अभय देतो आणि हे कसे घडले ते विचारतो. ती कारण सांगते. पुढच्या सोमवारी राजा तिने सांगितल्याप्रमाणे करतो आणि या वेळी त्याचाही गाभारा भरतो. कथनाच्या दृष्टीने हा शेवट समाधानकारक आहे, आणि सामाजिक दृष्टीनेही त्याला अर्थ आहे : मुलांना उपाशी ठेवून देव प्रसन्न होत नाही हा धडा राजा शिकतो. पण कृपेच्या दृष्टीने पाहिले तर काहीतरी निसटले आहे. म्हातारीच्या बाबतीत जे न मागता घडले, ते राजाच्या बाबतीत रीत समजून घेतल्यामुळे घडते. सहज घडलेल्याची कृती झाली, कृतीचा विधी झाला, आणि कहाणी वाचणे हाच त्या विधीचा एक भाग झाला. ऐकणारीने श्रावण सोमवार करावा, तिलाही फळ मिळेल. कर्माच्या मोजमापावर टीका करणारी गोष्टच नव्या कर्माची संहिता बनते. येथे कहाणीकाराचा दोष नाही. मानवी मन कृपेच्या प्रत्येक कथेशी असेच वागत आले आहे, एवढे मात्र ही लहानशी कहाणी कोणत्याही भाष्यग्रंथापेक्षा स्वच्छ दाखविते.

नामाच्या बाबतीत हेच घडले. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगाच्या ध्रुपदात ज्ञानदेव पुण्याच्या गणनेचा प्रश्न उपस्थित करतात. मुखाने हरी म्हटल्यावर पुण्य कोण मोजणार, असा त्या ओळीचा आशय. तिचा अन्वय दोन प्रकारे लागतो, आणि दोन्ही प्रकारे ती आजवर सांगितली गेली आहे. पहिल्या अर्थाने नामाचे पुण्य इतके अपार आहे की ते मोजता येणार नाही. दुसऱ्या अर्थाने नाम घेणाऱ्यास पुण्य मोजण्याचे कारणच उरत नाही. पहिल्या वाचनात हिशेबाची वही शाबूत राहते, फक्त आकडा फुगतो. दुसऱ्या वाचनात वहीच मिटते. दुसरा अर्थ ज्ञानदेवांच्या एकूण विचाराशी अधिक जुळतो असे मला वाटते. पण परंपरेत प्रचलित झाला तो प्रामुख्याने पहिला. मराठी घरांतून रामनामाच्या वह्या लिहून काढण्याची प्रथा, एकशे आठ मण्यांच्या माळा, लक्ष व कोटी जपाचे संकल्प ही सारी पहिल्या अर्थाची संतती होय. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे राहून तेरा कोटी जप केला, अशी परंपरा सांगते. समर्थांच्या प्रकृतीला हे शोभूनही दिसते. त्यांच्या साऱ्या शिकवणीत यत्नाला मोठे स्थान आहे आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. अडचण तेथे येते, जेथे यत्नाची भाषा कृपेचे नाव धारण करते.

कीर्तन-भजनाच्या आरंभी जो रूपाचा अभंग सर्वत्र म्हटला जातो, त्यातही विठ्ठलाची आवड ही अनेक सुकृतांची जोडी म्हणून सांगितली आहे. 'जोडी' हा शब्द येथे व्यवहारातला आहे : जोडलेले धन, कमाई. विठ्ठलाविषयीची ओढ ही तर कृपेचे पहिले लक्षण मानावयास हवी; पण तीच मागील कमाईचे फळ ठरते. असे म्हटल्याने अभंगाचे मोल कमी होते असे नव्हे. भाषेच्या पोटात बसलेला हिशेब ज्ञानदेवांसारख्या अद्वैतीच्या ओठीही कसा सहज येतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

याच ज्ञानदेवांनी इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना या प्रश्नाला एक निराळेच वळण दिले. ग्रंथाच्या शेवटी ते आपल्या रचनेला वाग्यज्ञ म्हणतात आणि विश्वात्मक देवाकडे पसायदान मागतात. 'यज्ञ' हा कर्मकांडाचा गाभ्याचा शब्द. यज्ञ केला की फळ मिळते, हा पूर्वमीमांसेचा पाया. 'पसाय' म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद मोबदल्यात मिळत नाही, तो कृपेने मिळतो. त्यावर 'दान' हा शब्द आणखी चढविलेला. यज्ञ आपला, आणि मागणे मात्र दक्षिणेचे नव्हे, प्रसादाचे. तेही स्वतःसाठी नव्हे, खळांसाठी आणि भूतमात्रांसाठी. कर्म करून कर्माचा हक्क सोडून देण्याची ही रीत गीतेतून आली असली, तरी तिची शब्दयोजना ज्ञानदेवांची स्वतःची आहे.

अठराव्या अध्यायातील सहासष्टाव्या श्लोकावरील भाष्यानंतरचा प्रसंगही येथे आठवावा. सर्व धर्म टाकून मला एकट्याला शरण ये, असे कृष्ण सांगतो. ज्ञानदेव त्या शरणागतीचा अद्वैतपर अर्थ लावतात आणि मग, मूळ गीतेत नसलेला एक प्रसंग घालतात : कृष्ण बाहू पसरून अर्जुनाला आलिंगन देतो, हृदयाला हृदय भेटते, आणि द्वैत न मोडता अर्जुन कृष्णासारखा होतो. सातशे श्लोकांचा उपदेश झाला, युक्तिवाद संपले. शेवटी जे घडते ते अर्जुनाने काही केल्यामुळे घडत नाही. तो मिठीत ओढला जातो. भाष्यकाराने मूळ संहितेत भर घालावी अशी ही जागा त्यांनी अगदी नेमकी निवडली आहे.

हिशेबाची भाषा सर्वांत दाट सापडते ती तुकारामांच्या गाथेत. हे स्वाभाविकही आहे. देहूचा हा वाणी. घरात महाजनकी, दुकानदारी आणि सावकारी. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकाच्या संधीवर पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढे त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रपरंपरा सांगते. दुसऱ्यांकडून येणे असलेले सारे त्यांनी पाण्यात सोडले. पण भाषा पाण्यात सोडता येत नाही. गाथेत भांडवल, मुद्दल, ठेव, उधार, ऋण, माप, मोल हे शब्द पुन्हापुन्हा येतात. नाम हे फुकाचे आहे, त्याला दाम पडत नाही, असे ते निक्षून सांगतात. बाजारात बसलेल्या माणसाने 'फुकट' म्हणून ओरडावे असा तो आवाज आहे. देवाला ते कधी दाता म्हणतात, कधी कंजूष, कधी ऋणको. देव भक्ताचा ऋणी ही कल्पना सर्वच संतांत आहे. तुकारामांच्या हाती ती सावकाराच्या तगाद्याचे रूप घेते.

या तगाद्याची परिसीमा गाथा बुडविण्याच्या प्रसंगात होते. रामेश्वर भटांच्या आक्षेपानंतर वह्या इंद्रायणीत गेल्या. तुकाराम तेरा दिवस अन्नपाणी सोडून नदीकाठी पडून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा महीपतींनी अठराव्या शतकात विस्ताराने गायिली. तुकारामांच्या या बसण्याला मराठीत एक नेमका शब्द आहे : धरणे. आज धरणे म्हटले की सरकारी कचेरीपुढचे आंदोलन आठवते. पण त्या काळी धरणे हा धनकोचा हक्क होता. ऋणको देणे देत नसेल तर त्याच्या दारात उपाशी बसावयाचे. दारातला माणूस उपाशी असता घरातल्याने जेवणे हे लांच्छन, आणि बसणारा मेला तर त्याचे पाप ऋणकोच्या माथी. ज्याने दुसऱ्यांची कर्जखते याच नदीत बुडविली, तोच आता त्याच काठावर देवाच्या दारी धरणे धरून बसला आहे. दोन्ही प्रसंगांत कागद बुडतात. पहिल्यात तो धनकोपण सोडतो, दुसऱ्यात तेच पुन्हा हाती घेतो. चरित्रकारांनी या दोन बुडण्यांचा संबंध जोडलेला माझ्या वाचनात नाही. पण काव्याच्या वाचकाला तो टाळता येणार नाही.

कीर्तनांतून ही कथा बहुधा तपाच्या फळाची कथा म्हणून सांगितली जाते : तेरा दिवसांचा कडक उपवास झाला, देव प्रसन्न झाला, गाथा परत मिळाली. खुलभर दुधाच्या कहाणीतील राजाला जसे कारण सापडले, तसे येथेही श्रोत्यांना कारण सापडते. आता या प्रसंगावरचे म्हणून गाथेत दिलेले अभंग पाहावेत. त्यांत विजयाचा सूर नाही. वह्या हाती आल्यावर तुकाराम म्हणतात तो मजकूर असा : माझ्या हातून मोठा अन्याय घडला, लोकांच्या बोलण्यापायी मी तुझा अंत पाहिला, तुला शिणविले, डोळे मिटून तेरा दिवस पडून राहिलो, आणि तू मात्र पाण्यात कागद राखलेस व लोकांच्या आळापासून मला वाचविलेस. उपवास हा त्यांना साधनेचा भाग वाटत नाही. तो अपराध वाटतो. लाभ झाला आहे, पण तो आपल्या कर्मामुळे झाला असे म्हणावयास ते तयार नाहीत. आपल्या कर्मानंतरही झाला, असे त्यांचे म्हणणे दिसते. मराठी कवितेत कर्म आणि कृपा यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने अन्यत्र क्वचितच मांडला गेला असेल. ज्याला दान मिळाले त्याला आपण ते वसूल करावयास गेलो होतो याची लाज वाटते, आणि ही लाजच त्याला दान म्हणून ओळखण्याची खूण ठरते. अभंगांची ही छोटी मालिका अभ्यासक्रमात चमत्कारकथेच्या जोडीने येते, म्हणून बहुधा तिचे वाचनच होत नाही. चमत्कार मानणारे व न मानणारे दोघेही वह्या खरोखर तरंगल्या का, या वादात गुंततात.

कृपेचे कर्मात रूपांतर करण्याचे काम समीक्षाही करते, हे येथे नमूद केले पाहिजे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील इंग्रजी ग्रंथात तुकारामांचे अभंग आध्यात्मिक प्रवासाच्या टप्प्यांनी लावून दाखविले : आधी तळमळ, आत्म्याची काळरात्र, मग साक्षात्कार. रानड्यांचा व्यासंग आणि त्यांची अनुभूतीविषयीची आस्था यांबद्दल आदर राखूनही या मांडणीविषयी शंका घ्यावी लागते. गाथेतील बहुसंख्य अभंगांचा काळ ठरविता येत नाही. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी सरकारी साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून काढलेली गाथा असो वा नंतरच्या प्रती असोत, अभंगांचा क्रम हा संकलनाचा क्रम आहे, जीवनाचा नव्हे. काळ ठाऊक नसताना निराशेचे अभंग आधी आणि आनंदाचे नंतर लावले, की आपोआप एक कथा तयार होते : साधकाने सोसले, म्हणून त्याला मिळाले. क्रमच कारण बनतो. प्रत्यक्षात असे का असू नये की निराशा आणि आनंद आळीपाळीने येत राहिले, आणि कृपा झाल्यानंतरही माणूस पुन्हा तगाद्यावर आला? धरण्याच्या अभंगांतील पश्चात्तापानंतर तुकारामांनी देवाशी भांडणे सोडून दिले, असे मानावयास गाथेत काही आधार नाही. दिलीप चित्रे यांनी 'पुन्हा तुकाराम' (१९९०) मध्ये हा कवी आधुनिक वाचकापुढे नव्याने उभा केला, तेव्हा टप्प्यांच्या चौकटीपेक्षा त्याच्या बोलण्याचा ताण अधिक ऐकू आला, तो यामुळेच असावा.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांनी हा प्रश्न उघड वादाचा केला. रामानुजांनंतर त्यांच्यात दोन शाखा झाल्या. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते, मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. मर्कटकिशोर व मार्जारकिशोर या दोन न्यायांनी वडकलै आणि तेंगलै या शाखांतील भेद सांगितला जातो. वेदान्तदेशिक आणि पिळ्ळै लोकाचार्य ही या वादातील मोठी नावे. महाराष्ट्रात असा पंथभेद झाला नाही. आपल्याकडे कासवीच्या नुसत्या दृष्टीने पोसल्या जाणाऱ्या पिलांचा दृष्टान्त आहे, आईच्या कडेवरचे मूल आहे. आणि त्याच कवींच्या तोंडी कंबर कसण्याची, झुंजण्याची, रात्रंदिवस युद्धाची भाषाही आहे. पंथभेद न झाल्यामुळे तो वाद एकेका कवीच्या आत चालत राहिला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला हा गोंधळ वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाला तसे वाटण्याचे कारण नाही.

या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा विचार करणे अगत्याचे आहे. १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले हे कवी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. मिशनरी लेखनाने या उद्गाराचा सोपा अर्थ लावला : सेतूच्या अलीकडे कर्म, पलीकडे कृपा. पण हा अर्थ सेतूलाच अन्याय करतो. ज्या तुकारामांवरून टिळक चालत गेले, त्यांच्याकडे कृपेचा शब्द आधीच होता. नसता तर सेतू कसला? शिवाय पलीकडच्या तीरावरही कर्माची वही मिटलेली नव्हती. पौलाच्या पत्रांपासून १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने केलेल्या निषेधापर्यंतचा आणि त्यानंतरचाही ख्रिस्ती इतिहास हा कृपेची घोषणा आणि पुण्याची साठवण यांच्या वारंवार होणाऱ्या झटापटींचा इतिहास आहे. टिळकांनी स्वतः १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारून एक प्रकारचा संन्यास पत्करला. वेतन सोडणे आणि खते बुडविणे यांत एक आंतरिक साम्य आहे. त्यांच्या भजनांनी अभंगाचे रूप घेतले, त्यामागेही ते असावे.

आतापर्यंतच्या विवेचनात कर्म म्हणजे साधन, मोक्षासाठी केलेले कृत्य, असे धरून चाललो. जनाबाईच्या अभंगांत कर्माचा दुसराच अर्थ पुढे येतो : कष्ट. दळणे, कांडणे, झाडणे, शेण वेचणे. ही कामे ती पुण्यासाठी करीत नाही. ती नामदेवाच्या घरची दासी आहे आणि दळल्यावाचून तिची सुटका नाही. देव येतो तो तिच्या दळणाचे फळ घेऊन येत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, तिच्यासवे दळतो. कर्म आणि कृपा यांच्या साऱ्या शास्त्रीय चर्चेत ही शक्यता कोणी विचारात घेतलेली दिसत नाही, की कृपा वेतन म्हणूनही नको आणि वेतनाऐवजीही नको. ती कामातली भागीदारी असू शकेल. वारकऱ्याचे मागणेही याच जातीचे आहे. वारी केली म्हणून काही मिळावे असे त्याचे म्हणणे नसते, वारी चुकू नये एवढेच त्याचे म्हणणे असते. जे इतरत्र किंमत म्हणून मोजले जाते तेच येथे देणगी म्हणून मागितले जाते. तुकाराम तर मुक्ती, धन, संपदा काहीच नको म्हणून पुन्हा खुशाल गर्भवास मागतात. सौद्यातला मालच नाकारल्यावर सौदा उरत नाही.

मात्र ही सारी चर्चा ज्याच्या अंगावर येते तो कवी चोखामेळा. कर्मसिद्धान्त इतरांना भविष्याची आशा देतो, त्याला तो भूतकाळाचा दंड सुनावतो. त्याच्या नावावरील एका अभंगात आपण पूर्वजन्मी निळा होतो, कृष्णनिंदा घडली, म्हणून महाराचा जन्म आला, असे सांगितले आहे. विटाळ हे पूर्वीचे फळ, हा तेथील निष्कर्ष. हा अभंग खरोखर चोख्याचा की नंतर कोणी त्याच्या तोंडी घातलेला, याविषयी शंकेस जागा आहे. पण परंपरेने तो जपला, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. कमाईची भाषा सुखवस्तू भक्ताच्या तोंडी विनयाची वाटते : माझी कसली योग्यता, पूर्वपुण्य फळले. तीच भाषा चोख्याच्या तोंडी आली की त्याच्यावरील अन्यायाची पावती बनते. बहिणाबाई शिऊरकर आपल्या मागील बारा जन्मांची कथा सांगते, तेव्हा ते जन्म तिला या तेराव्या जन्माच्या सुटकेकडे आणतात; चोख्याला त्याचा एकच मागील जन्म देवळाबाहेर उभा करतो. त्याच्या अन्य अभंगांत विठ्ठलाच्या मायेचा जो आर्त उच्चार आहे, तो या हिशेबाला छेद देणारा आहे. ती माया त्याला मिळाली ती दाराबाहेर. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत अंगावर कोसळून तो गेला. पंढरपूरच्या महाद्वाराशी त्याची समाधी आहे. मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. दार उघडावयास सहा शतकांहून अधिक काळ लोटला आणि शेवटी एका माणसाला दारात उपाशी बसावे लागले. धरण्याचा जुना अर्थ येथे पुन्हा जागा होतो. फक्त या वेळी ऋणको देव नव्हता, समाज होता.

१९५६ नंतरच्या दलित समीक्षेने चोख्याच्या शरणागतीवर आक्षेप घेतले, ते समजण्यासारखे आहेत. दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, हेही नोंदले पाहिजे. या दोन प्रतिक्रियांमध्ये जो अवकाश आहे, तो चोख्याच्या मुलाने, कर्ममेळ्याने, आधीच भरून ठेवला आहे. त्याचे अभंग थोडे आहेत. त्यांतील एकात तो पूर्वकर्माचा उल्लेखही करीत नाही. आमची याती हीन केलीस ती तूच, उष्टे खाण्यात जन्म गेला, तुला याची लाज कशी वाटत नाही, असे तो श्रीपतीला विचारतो, आणि आमच्या घरी दहीभात जेवून आता नाही कसे म्हणतोस, याची आठवण देतो. जन्माचे कारण जन्मणाऱ्याच्या मागील कर्मात न शोधता जन्म देणाऱ्याला त्याविषयी जाब विचारला जातो. शिवाय येथे अन्न वाढले आहे ते भक्ताने, आणि जेवून उठला आहे तो देव. हा अभंग कर्ममेळ्याच्या नावावर 'विद्रोही' असा शिक्का मारून वेगळा काढला जातो. तो चोख्याच्या निळ्याच्या अभंगाशेजारी आणि सोयराबाईच्या विटाळाविषयीच्या अभंगाशेजारी ठेवून वाचावयास हवा. एकाच घरातली ही तिघे माणसे एकाच प्रश्नाभोवती बोलत आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.